पाचशे रुपये भरून टाका, कशाला कटकट?



मागच्या लेखात चातुर्मासात पालेभाज्यांशिवाय रोजचा डबा कसा निभवायचा ते लिहिलं होतं. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण आहे घरातलाच. गाडी चुकीच्या जागी लावल्याचा दंड, ज्याला आता सगळे ई-चलन म्हणतात, त्याबद्दल लिहिते आहे. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी हा मेसेज येऊन गेला असेल आणि अनेकींच्या घरी तेच वाक्य बोललं गेलं असेल, जे मी वर शीर्षकात दिलं आहे. माझं म्हणणं असं की हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. चूक आपली असेल तर पाचशे रुपये त्याच दिवशी भरावेत. चूक आपली नसेल तर एक रुपयाही भरू नये, रीतसर तक्रार करावी. असं का वाटतं ते सांगते.

आमचं किराणा दुकान तानसा भागात आहे. ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, आजूबाजूला अभयारण्याचं जंगल आहे, आणि बाकी सगळे पाडे. इथे 'नो पार्किंग'चा बोर्ड औषधालाही सापडायचा नाही. गाडी झाडाखाली लावायची, किल्ली खिशात टाकायची. दुकानाची एक पांढरी स्कूटर आहे. ती कधी आमचे हे चालवतात, कधी मी चालवते, आणि माल पोचवायला दुकानातला मुलगा घेऊन जातो. मुलगा जवळच्याच पाड्यावरचा, विशीतला. तीन वर्षं आमच्याकडे आहे.

श्रावणात एके दिवशी यांच्या मोबाइलवर मेसेज आला. स्कूटरच्या नावावर ५०० रुपयांचं चलन होतं, नो पार्किंगचं. ठिकाण होतं आमच्यापासून पाऊण-एक तासावरच्या एका शहरातला बाजाररस्ता. वार सोमवार, वेळ दुपारची. सोमवारी दुपारी आम्ही दोघं घरी जेवायला असतो आणि दुकान मुलगा बघतो. यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा पोरगा माल पोचवायच्या नावाखाली गाडी घेऊन शहरात हिंडून आला. पाचशे रुपये भरून टाकतो आणि याच्या पगारातून कापतो."

मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "शेठ, मी नाय नेली गाडी. मी दुकानातच होतो." हे म्हणाले, "मग काय गाडी आपण होऊन गेली?" दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मुलगा खाली मान घालून गोण्या लावायला लागला. संध्याकाळी जाताना त्याने रोजच्यासारखं "येतो काकी" म्हटलं नाही.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी कधी केली नाही, पण दुकानाचा रोजमेळ लग्नापासून मीच लिहिते. आम्हाला कॉलेजात एक गोष्ट पक्की शिकवली होती. व्हाउचर बघितल्याशिवाय नोंद करायची नाही. रात्री मला झोप येईना, कारण आम्ही व्हाउचर न बघता नोंद केली होती, आणि तीही एका मुलाच्या नावावर.

सकाळी सामायिक झाल्यावर मी मोबाइल घेतला. मेसेजमधली लिंक उघडली नाही, कारण चलनाच्या नावाने खोट्या लिंक आणि खोटी अॅप पाठवून खाती रिकामी करणारे लोक खूप झाले आहेत. ही सूचना लक्षात ठेवा, महत्त्वाची आहे. व्हॉट्सअॅपवर चलनाची फाइल आली तर ती उघडायचीच नाही. राज्याच्या वाहतूक पोलिसांची स्वतःची वेबसाइट आहे, तिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. त्यांचं महाट्रॅफिक नावाचं अॅपही आहे. वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची सगळी चलनं दिसतात. हे आकडे आरसी बुकात असतात. आणि चलनाबरोबर फोटोही दिसतो.

तो फोटो मी मोठा करून बघितला. स्कूटर पांढरीच होती, कंपनी तीच, पण आमची नव्हती. आमच्या स्कूटरला डाव्या बाजूला साडीगार्ड आहे, सुनेने हट्टाने बसवून घेतलेलं. फोटोतल्या स्कूटरला ते नव्हतंच. नंबरप्लेट चिखलाने माखलेली, आणि जिथे आमच्या नंबरात ८ आहे तिथे फोटोत ३ होता. नीट बघितलं तर कळत होतं, घाईत बघितलं तर नाही. मग मी रोजमेळ उघडला. त्या सोमवारी दुपारी तेलाचे डबे उतरले होते आणि पावतीवर मुलाची सही होती, वेळेसकट. सही करणारा माणूस त्याच वेळी पाऊण तासावरच्या बाजारात गाडी लावू शकत नाही.

मी दोन्ही गोष्टी यांच्यासमोर ठेवल्या. हे गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, त्याचे पैसे नाही कापत. पण आता पाचशे भरून विषय संपव. कोण त्या तक्रारीच्या मागे लागणार?"

मैत्रिणींनो, खरी चर्चा इथून सुरू होते. पैसे कापणार नाही म्हटल्यावर मुलाचं नुकसान टळलं. मग भरायला काय हरकत होती?

पहिलं कारण व्यवहाराचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच गुन्हा झाला तर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पूर्वी हे आकडे १०० आणि ३०० होते. म्हणजे जी चूक आपण केलीच नाही ती आज आपल्या खात्यावर 'पहिली' म्हणून लिहून घेतली, तर उद्या खरोखर चूक झाली तेव्हा ती 'दुसरी' ठरायची. जमाखर्चात चुकीची आरंभीची शिल्लक घेतली की पुढची सगळी पानं चुकतात, तसंच हे.

दुसरं कारण मुलाचं. आपण पैसे भरले की कागदावर काय राहतं? या गाडीने गुन्हा केला आणि मालकाने तो मान्य केला. मग ती दोन गिऱ्हाइकं काय समजणार? शेठ मोठ्या मनाचे, पोराचे पाचशे रुपये सोडून दिले. मुलगा चोर नाही हे कुठेच लिहिलं जात नाही. सोडून दिलं आणि निर्दोष ठरला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं कारण आपल्या व्रतांचं. आपण प्रतिक्रमणात श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार म्हणतो. मीही वर्षानुवर्षं म्हणत आले, पण खरं सांगायचं तर बऱ्याचदा चालीवर म्हणते, अर्थावर नाही. त्या दिवशी दुसऱ्या व्रताच्या अतिचारांवर थांबले. पहिलाच शब्द आहे सहसाभ्याख्यान, म्हणजे विचार न करता एखाद्यावर आळ घेणं. आमच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर झालं ते हेच. याच यादीत शेवटी कूटलेख आहे, खोटा लेख करणं. जे घडलं नाही ते घडलं असं मान्य करून पैसे भरणं हा मला त्याचाच धाकटा भाऊ वाटतो. आपण म्हणतो, खोटं बोलून फायदा घेतला तर पाप. पण खोटं मान्य करून स्वतःचा वेळ वाचवला, तोही फायदाच झाला की.

आता कोणी म्हणेल, हे सगळं पोलिसांविरुद्ध आहे. नाही, उलट आहे. तिसऱ्या व्रताचे अतिचार बघा. तिथे विरुद्धराज्यातिक्रम आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही तो येतो. त्याचा एक अर्थ असा सांगतात की राज्याचे नियम ओलांडून वागणं हासुद्धा अचौर्याला लागलेला डाग. म्हणजे खोट्या वजनाच्या आणि भेसळीच्या ओळीत नियम मोडणं बसवलेलं आहे. व्यापारी घरातल्या बायकांनी हे लक्षात घ्यावं. आपण मापात पाप करत नाही याचा आपल्याला अभिमान असतो. पण गाडी कुठे लावतो?

आपण मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या. आणि चातुर्मासात व्याख्यानाच्या वेळी स्थानकाबाहेरचा रस्ता आठवा. एका रांगेत गाड्या, तिच्याबाहेर दुसरी रांग, वर ड्रायव्हरला सांगायचं, "पाचच मिनिटं, मांगलिक ऐकून आले." दोन वर्षांपूर्वी एका गावी मी स्वतः अशी गाडी लावायला लावली होती. बाहेर आले तर शाळेची बस अडकलेली, आत लहान मुलं उन्हात घामाघूम, आणि बसवाला हात जोडून विचारत होता, "ही कोणाची गाडी?" त्या दिवशी चलन झालं नाही, कोणी फोटो काढला नाही. पण आठव्या व्रताचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अनर्थदंड. कारण नसताना दुसऱ्याला दिलेला त्रास. त्या मुलांना आम्ही दंड केला होता, आणि तो त्यांना कुठे भरून परत मिळणार नव्हता.

आमच्याच दारात हे उलट होतं. पावसाळ्यात रविवारी माहुली किल्ल्यावर आणि धरणाकडे जाणारी मुंबईची मंडळी आमच्या दुकानाच्या शटरसमोर गाडी लावून निघून जातात. तेव्हा आम्ही काय काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याची गाडी अडली की नियम हवा आणि आपली अडली की "जाऊ द्या ना साहेब". म्हणून म्हणते, आपलं चलन खरं असेल तर ओळख काढू नका, नगरसेवकाला फोन करू नका, भरा. कोणाच्या तरी ओळखीने रद्द करून घेतलेलं खरं चलन आणि गुपचूप भरून टाकलेलं खोटं चलन, दोन्ही एकाच जातीची आहेत. दोन्हींत खरं काय ते बाजूला राहतं आणि आपली सोय पुढे येते.

आता तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटेल तितकं हे अवघड नाही हे कळेल. अॅपमध्ये तक्रार नोंदवायची सोय आहे. मी आमच्या स्कूटरचे मागून, पुढून आणि डाव्या बाजूने फोटो काढले, आरसी बुकाचा फोटो काढला आणि चार ओळी लिहिल्या. फोटोतल्या गाडीला साडीगार्ड नाही, आमच्या गाडीला आहे. फोटोतल्या नंबरात ३ आहे, आमच्या नंबरात ८ आहे. त्या वेळी आमची गाडी दुकानापाशी होती. कृपया तपासून चलन रद्द करावं. एवढंच. "आमच्यावर अन्याय झाला", "तुमचा कारभार असाच" वगैरे काही लिहिलं नाही. तपासणाऱ्याला आपल्या रागाचा उपयोग नसतो, त्याला फरक दाखवावा लागतो.

पंधरा दिवस काही कळलं नाही. मग मी त्या शहरात एका लग्नाच्या खरेदीला गेले तेव्हा कागदाच्या प्रती घेऊन वाहतूक शाखेत गेले. हे बरोबर आले नाहीत, सून आली. तिथल्या हवालदारांनी कागद बघितले, मशीनवर फोटो उघडला आणि स्वतःच म्हणाले, "काकू, आकडा चुकला आहे आमचा. पाऊस चालू होता, प्लेटवर चिखल होता." त्यांनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. काही दिवसांनी बघितलं तर आमच्या गाडीवर चलन दिसेना. दोन महिने भांडण्याची तयारी करून गेलेल्या मला जरा ओशाळल्यासारखं झालं. दिवसभर रस्त्यावर उभं राहून शेकडो नंबर टाकणाऱ्या माणसाचा एक आकडा चुकला, आणि मी मनात त्यांच्यावर किती आळ घेऊन बसले होते! सहसाभ्याख्यान माझ्याकडूनही झालंच.

सगळ्यांचं इतक्या सहज होईल असं नाही. तक्रार मान्य झाली नाही तर काय, हेही माहीत असावं. चलन न भरता राहिलं तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. वाहतुकीच्या प्रकरणांसाठी आता आभासी न्यायालय आहे. आपल्या राज्यात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपुरात त्याचं उद्घाटन झालं होतं. तिथे ऑनलाइन दोन पर्याय येतात, दंड भरा किंवा आम्हाला हे मान्य नाही असं सांगा. मान्य नाही म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयासमोर जातं आणि आपलं म्हणणं मांडता येतं. दुसरी वाट राष्ट्रीय लोकअदालतीची. तिची नोटीस अनेकींना आली असेल. पण नीट समजून घ्या, लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. चूक आपली आहे आणि जुनी चलनं साठली आहेत, तर ती वाट चांगली. 'मी हे केलंच नाही' म्हणायचं असेल तर तडजोड कशाची करायची? आणि तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

अजून एक लक्षात ठेवा. चलन गाडीच्या मालकाच्या नावावर येतं. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर मालकाने सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, कलम १३३ प्रमाणे. म्हणून दुकानाची किंवा घरची एक गाडी चारजण चालवत असतील तर भिंतीवर एक वही टांगा. कोणी नेली, कधी नेली, कधी आणली. आमच्याकडे आता ती वही आहे, आणि पहिलं नाव यांचंच असतं.

माझी भाची लंडनला राहते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. तिकडे पार्किंगच्या दंडाच्या नोटिशीवरच तक्रार कशी करायची ते छापलेलं असतं. चौदा दिवसांत भरला तर दंड निम्मा. नगरपालिकेने तक्रार फेटाळली तर तिच्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं, आणि त्याला फी नाही. तिथे दंडावर आक्षेप घेणाऱ्याला कोणी भांडखोर म्हणत नाही. हिशेबात चूक दिसली की बँकेला कळवतो, तसं ते कळवतात. आपल्याकडेही चलनाच्या मेसेजमध्येच एक ओळ यायला हवी, 'हे चलन चुकीचं वाटत असल्यास इथे कळवा.' आपल्याकडे सोय आहे, पण ती शोधावी लागते. माझ्या वयाच्या बाईला, जिच्या घरात सून मदतीला नाही, तिने काय करायचं? आणि जिथे गाडी लावायची नाही तिथे बोर्ड दिसेल असा लावा, फांदीमागे नको. नियम पाळायला लावायचा तर तो आधी दिसला पाहिजे. एवढं मागणं काही जास्त नाही.

राहिली मुलाची गोष्ट. चलन रद्द झाल्याचं मी यांना मोबाइलवर दाखवलं. हे म्हणाले, "चांगलं झालं," आणि पेपर वाचायला लागले. मी म्हटलं, "अहो, संवत्सरी तोंडावर आली आहे." हे म्हणाले, "मेसेज पाठवीन की सगळ्यांना."

आपण दरवर्षी हेच करतो ना? चेन्नईच्या मावससासऱ्यांना, सुरतच्या व्यापाऱ्यांना, कधी न भेटलेल्या ग्रुपमधल्या दीडशे लोकांना फुलांचं चित्र टाकून मिच्छामि दुक्कडम् पाठवतो. ज्यांच्याशी वर्षभरात दोन शब्द बोललो नाही त्यांचं आपण काय दुखावणार? ज्याला रोज सकाळी आठ ते रात्री आठ आपण हाक मारतो, ओरडतो, संशय घेतो, त्याला कधी म्हटलंय आपण?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना यांनी मुलाला जवळ बोलावलं. कोणते शब्द वापरले ते मी ऐकले नाहीत, मी मुद्दामच मागे धान्याच्या कोठीपाशी होते. पण ती दोन गिऱ्हाइकं रोजचीच. त्यातला एकजण बिडी घ्यायला आला तेव्हा यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "त्या दिवशीचं ते चलन आपल्या गाडीचं नव्हतं बरं का. मीच उगाच पोराला बोललो." चारचौघांत घेतलेला आळ चारचौघांतच परत घ्यावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच कळलं.

संध्याकाळी मुलगा जाताना म्हणाला, "येतो काकी."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मेसेज आला की आधी फोटो बघा. चूक आपली असेल तर भरा. नसेल तर चार ओळी लिहा. आणि या दोन्हींच्या आधी, घरातल्या, दुकानातल्या कोणाचंही नाव तोंडातून काढू नका.

या लेखात कोणाचं मन दुखावलं असेल, व्रतांचा अर्थ सांगताना माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.